आरेखन एका कॅबिनेटचे, विक्री दुसऱ्याची: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत: तक्रार निवारण अधिकारी)

विषय: संकेतस्थळावरील मापे आणि कटिंग टेम्पलेट (पत्रा कोठे कापायचा ते दाखवणारा साचा) मला विकलेल्या संगणकाच्या कॅबिनेटशी न जुळणे, तसेच आपल्या प्रतिनिधीने दिलेला धोकादायक सल्ला.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले संभाषण संपते न संपते तोच माझ्या मोबाइलवर ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या’ असा संदेश आला. निराकरण नेमके कशाचे झाले, हे त्या संदेशात लिहिलेले नव्हते. माझी तक्रार काल होती तशीच आज आहे, फक्त आपल्या यंत्रणेत तिच्यापुढे ‘बंद’ असा शिक्का पडला आहे. म्हणून हे लेखी पत्र पाठवीत आहे.

कॅबिनेट कोणते, हे आपणास सांगण्याची गरज नाही. पावतीची प्रत सोबत आहे, आणि आपण ज्या उत्पादनाची जाहिरात ‘मॉडिंगसाठी तयार’, म्हणजे ग्राहकाने स्वतः कापून बदल करण्याजोगे, अशी करता, ते आपल्या यादीत एकच आहे. याच उत्पादनाच्या पानावर आपण अंतर्गत मापांचे आरेखन आणि छताचे पूर्ण आकारातील कटिंग टेम्पलेट डाउनलोडसाठी ठेवले आहे. मी हे कॅबिनेट घेतले ते त्या दोन कागदांमुळे. तेवढ्याच किमतीत अधिक जाड पत्र्याची आणि अधिक पंखे सोबत देणारी कॅबिनेट बाजारात होती.

आपल्या आरेखनानुसार मदरबोर्डची वरची कड आणि छताची आतील बाजू यांत ५८ मिलिमीटर अंतर असायला हवे. माझ्या हाती आलेल्या कॅबिनेटमध्ये ते ४१ मिलिमीटर आहे. मोजण्याची पद्धत चुकली असेल, ही शंका कोणी घेण्यापूर्वीच सांगतो की यंत्रभाग आणि त्यांची आरेखने ताडून पाहणे हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि माप व्हर्निअरने घेतले आहे. मदरबोर्डचा आकार आणि तो बसवण्याच्या छिद्रांमधील अंतरे कोणत्याही उत्पादकाला मनाप्रमाणे बदलता येत नाहीत; मदरबोर्डच्या मापांचे एटीएक्स हे प्रमाण १९९५ मध्ये आले तेव्हापासून ३०५ बाय २४४ मिलिमीटरच्या बोर्डासाठी त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. तेव्हा हे १७ मिलिमीटर बोर्डाने खाल्लेले नाहीत. छत तरी खाली आले आहे, नाहीतर बोर्डाची बैठक वर सरकली आहे. टेम्पलेटचीही तीच कथा. त्यावरील १०० मिलिमीटरची पडताळणी रेषा छापल्यावर बरोबर १०० भरते, म्हणजे दोष छपाईचा नाही. पंख्यांच्या स्क्रूंमधील १०५ मिलिमीटरचे अंतरही बरोबर आहे. परंतु ती संपूर्ण रचना प्रत्यक्ष छतावर ठेवली की ११ मिलिमीटर मागे सरकते आणि कापण्याची रेषा थेट मागच्या दुमडलेल्या कडेवर जाते. ती कड कापली तर वरच्या चौकटीचा ताठपणा जाईल, हे आपल्या डिझाइन विभागाला माझ्याहून अधिक चांगले ठाऊक असणार.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. आपण कॅबिनेटची रचना बदलली, मॉडेलचे नाव तेच ठेवले आणि संकेतस्थळावरील कागद जुनेच राहू दिले. सोबतची पुस्तिकाही त्याच जुन्या पिढीची दिसते, कारण तिच्यात दिव्यांच्या पट्टीची जोडणी चार पिनांची, १२ व्होल्टची दाखवली आहे आणि खोक्यातून निघालेली पट्टी तीन पिनांची, ५ व्होल्टची आहे. पुस्तिकेवर विश्वास ठेवून कोणी ती पट्टी १२ व्होल्टवर जोडली तर ती जळेल.

या फरकाने माझे काय बिघडले, ते आता सांगतो, कारण आपल्या केंद्रातील कोणीही ते ऐकून घेतले नाही. कॅबिनेटमध्ये स्वतः बदल करण्याची माझी ही पहिलीच वेळ असल्यामुळे मी कापण्याआधी पूर्ण आराखडा तयार करण्याचे ठरवले होते. छताचा बारीक छिद्रांचा पत्रा कापून तेथे मोकळी जाळी बसवायची, तिच्याखाली प्रोसेसर थंड ठेवणारा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर आणि त्याचे तीन पंखे लावायचे, बाजूच्या काचेऐवजी हवेसाठी खाचा पाडलेले ऍक्रिलिकचे पॅनल बसवायचे आणि शेवटी सांगाडा सुटा करून पावडर कोटिंगला द्यायचा, असे हे काम आहे. रेडिएटरची जाडी २७ मिलिमीटर आणि पंख्याची २५, असे मिळून ५२ मिलिमीटर होतात. आपल्या ५८ मध्ये ते बसतात आणि वर ६ मिलिमीटर उरतात. प्रत्यक्षातल्या ४१ मध्ये जागा ११ मिलिमीटरने कमी पडते आणि पंख्यांच्या कडा प्रोसेसरच्या वीजजोडणीवर व तिच्या शेजारच्या हीटसिंकवर येऊन आदळतात. आपल्या आरेखनावरून मी पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती केली होती आणि तिच्यात सारे काही व्यवस्थित बसत होते. त्याच भरवशावर रेडिएटर आणला. त्याचे खोके उघडलेले असल्याने विक्रेता तो परत घेत नाही. भोसरीच्या ज्या लेझर कटिंगवाल्याकडे जाळी आणि पॅनल कापून घ्यायचे होते, त्याला डीएक्सएफ फाईल (कापण्याच्या यंत्राला वाचता येणारे आरेखन) लागते, आणि ती फाईल मी आपल्याच मापांवरून बनवून ठेवली होती. आता ती निरुपयोगी आहे.

कॅबिनेटला मी अद्याप एकही छेद दिलेला नाही, एकही रिवेट काढलेला नाही. ते विकत घेतले त्याच अवस्थेत आहे. हे स्पष्टपणे नमूद करण्याचे कारण असे की आपल्या ईमेल उत्तरात माझ्या एकाही प्रश्नाला स्पर्श न करता ‘बदल केलेल्या उत्पादनावर वॉरंटी लागू होत नाही’ एवढे एकच वाक्य पाठवण्यात आले. वॉरंटी मी मागितलेलीच नाही. मी माप मागितले आहे.

आता आजच्या संभाषणाविषयी. ते आपण ‘गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी’ ध्वनिमुद्रित करता, असे सुरुवातीला ऐकवण्यात आले, त्यामुळे पुढील मजकूर पडताळून पाहणे आपणास सहज शक्य आहे, आणि प्रशिक्षणासाठी तर ते अवश्य वापरावे. तक्रार क्रमांक सांगितल्यानंतर आपल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, “सर, डिस्प्ले येत नाहीये का?” मी सांगितले की कॅबिनेट रिकामे आहे, त्यात अजून काहीही बसवलेले नाही. त्यावर ते म्हणाले, “ठीक आहे सर, मग पॉवर केबल काढून पुन्हा लावा आणि एकदा रीस्टार्ट करून बघा.” मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत समजावले की त्यात पॉवर सप्लाय नाही, मदरबोर्ड नाही, तो पत्र्याचा रिकामा सांगाडा आहे आणि रीस्टार्ट होण्याची क्षमता आपल्या कंपनीने त्याला दिलेली नाही. मला थांबवून ठेवण्यात आले. बऱ्याच संगीतानंतर उत्तर मिळाले, “सर, बॉक्सवर थ्री सिक्स्टी सपोर्टेड लिहिलंय, म्हणजे बसणारच.” मी म्हटले की ३६० हा आकडा लांबीच्या हिशेबाचा आहे आणि मी उंचीविषयी विचारतो आहे. “दोन-चार एमएम इकडेतिकडे होतंच सर, थोडं ॲडजस्ट करून घ्या.” दोन-चार नव्हे, सतरा, असे सांगितल्यावर कॉल वरिष्ठांकडे देण्यात आला.

वरिष्ठांनी माझे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घेतले, याबद्दल मला काही क्षण बरे वाटले होते. त्यानंतर ते म्हणाले, “पण तुम्हाला कॅबिनेट कापायचंच आहे ना? मग माप कमी-जास्त असलं तर काय फरक पडतो?” महोदय, हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे. कापड कापायचेच आहे, मग माप कशाला घ्यायचे, असे कोणी शिंप्याला विचारीत नाही. परंतु ‘मॉडिंगसाठी तयार’ कॅबिनेट विकणाऱ्या आणि त्यासोबत कटिंग टेम्पलेट देणाऱ्या कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ग्राहकाला हे विचारतात. मी उत्तर देण्याच्या आतच त्यांनी तोडगाही सुचवला: “वर जागा नसेल तर साइडच्या काचेला भोकं पाडून घ्या, हवा खेळती राहील. ड्रिल हळू मारायचं आणि पाणी सोडत राहायचं, बस.” ती काच टफन्ड आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. “हो सर, टफन्ड आहे म्हणूनच सांगतोय, ती मजबूत असते,” असे ते म्हणाले.

हा अज्ञानाचा भाग हसण्यावारी नेण्यासारखा असता, तर मी नेला असता. टफन्ड काच तयार करताना ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने वेगाने थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. तिची ताकद याच समतोलात असते. म्हणून तिच्यात हवी असतील ती सर्व छिद्रे आणि खाचा तापवण्याआधीच पाडून घ्याव्या लागतात. नंतर ड्रिल पृष्ठभाग भेदून गाभ्यापर्यंत गेले की समतोल मोडतो आणि भोकाजवळ तडा जाऊन काम थांबत नाही, संपूर्ण तावदानाचे एका क्षणात तुकडे होतात. ड्रिल हळू फिरवल्याने किंवा पाणी सोडल्याने यात काहीही बदलत नाही. मला हे माहीत होते, आणि पॅनल ऍक्रिलिकचे करण्यामागचे कारणही हेच होते. ज्याला माहीत नाही, अशा एखाद्या महाविद्यालयीन मुलाने आपल्या वरिष्ठांचा सल्ला मानून घरी ती काच समोर धरून ड्रिल चालवले, तर त्याच्या डोळ्यांची जबाबदारी कोणत्या विभागाकडे येते, ते कृपया कळवावे. की त्या तक्रारीचेही निराकरण होऊन पाचपैकी गुण मागवले जातील?

आपल्याच कंपनीचे जुने कॅबिनेट मी अनेक वर्षे वापरले. पुण्याच्या उन्हाळ्यात आणि रस्त्यावरच्या धुळीत त्याने कधी कुरकुर केली नाही; पत्रा ताठ होता, कडा व्यवस्थित घासलेल्या होत्या, बोट कापत नव्हते. त्याच्या भरवशावर मी कार्यालयातील सहकाऱ्यांना आपले नाव सुचवत आलो. या वेळी जाहिरातीत ०.८ मिलिमीटर म्हटलेला पत्रा मायक्रोमीटरमध्ये रंगासकट ०.७ सुद्धा भरला नाही, तेव्हा मी ती गोष्ट तक्रारीत घेतली नव्हती, कारण खर्च वाचवण्याची ओढ सगळ्याच उत्पादकांना असते. आता घेत आहे. रचना बदलण्याचा आणि पत्रा पातळ करण्याचा आपणास अधिकार आहे. परंतु ते लपवून जुन्या मापांवर नवा माल विकण्याचा नाही.

माझी मागणी पूर्वी कळवली होती तीच आहे. मला विकलेल्या कॅबिनेटचे खरे आरेखन आणि त्याच्याशी जुळणारे टेम्पलेट द्यावे, आणि माझा रेडिएटर त्यात बसणार नसल्याने एकतर प्रसिद्ध केलेल्या मापांचे कॅबिनेट बदलून द्यावे, नाहीतर हे परत घेऊन पूर्ण रक्कम, दोन्ही बाजूंच्या वाहतूक खर्चासह, परत करावी. नुसते ‘संकेतस्थळ लवकरच अद्ययावत करण्यात येईल’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. चुकीचे टेम्पलेट मात्र आजच्या आज पानावरून काढावे, कारण माझ्यासारखे आधी पुठ्ठ्यावर करून पाहणारे थोडे आणि टेम्पलेट चिकटवून थेट जिगसॉ चालवणारे बरेच असतात.

हे कॅबिनेट मी आपल्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून घेतले आहे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असते आणि निवारण एका महिन्यात करावयाचे असते. ‘बंद’ असा शिक्का म्हणजे निवारण नव्हे. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही, त्यामुळे मी कंटाळून गप्प बसेन, या हिशेबावर कृपया राहू नये. आजच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण तोपर्यंत जपून ठेवावे; आयोगापुढे मी ते मागवणार आहे.

पावती, आपल्या आरेखनाची व टेम्पलेटची डाउनलोड केलेली प्रत, व्हर्निअर लावून घेतलेली छायाचित्रे आणि वॉरंटीविषयीचे आपले एका वाक्याचे ईमेल सोबत जोडले आहे. यापुढील उत्तर केवळ लेखी द्यावे. दूरध्वनी करू नये.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
पुणे