स्कूटरची चावी माझ्याकडे आहे

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच, मधलं गाळू नकोस.

बाबा, अ‍ॅक्टिवाची चावी हरवली नाहीये. देवघर, फ्रिजवरचा डबा, गाद्या सगळं उलटंपालटं करून झालं म्हणे. रविवारी निघताना मीच ती पर्समध्ये टाकली आणि पुण्याला घेऊन आले. आणि तुमच्या मेंदूचा एमआरआय "वयाच्या मानाने ठीक" असं मी सांगितलं ते अर्धंच होतं.

गाठ-बिठ काही नाही, मोठा झटकाही नाही, आधी हे ऐका. पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. मामाच्या बागेतलं ड्रिप आठवा, मेन लाइन ठणठणीत, मोटर चालू, पण टोकाचे ड्रिपर चोक झाले की शेवटच्या वेली सुकतात आणि बांधावरून बघितलं तर बाग हिरवीगारच. फिल्मवरचे पांढरे डाग म्हणजे त्या वेली. त्यांना 0 ते 3 ग्रेड देतात, फॅझेकास नावाच्या डॉक्टरांची 1987 पासूनची पद्धत, तुमची 2 आहे, म्हणजे ठिपके सुटे राहिले नाहीत, एकमेकांना चिकटायला लागलेत. शिवाय एक लॅक्यून, कधीतरी एक वाहिनी पूर्ण बंद पडली आणि तिथे 6 मिलिमीटरचा खड्डा राहिला, आपल्याला पत्ताही नाही. आणि दोन काळे ठिपके, पाइप झिरपतो ना तसं रक्त झिरपून त्यातलं लोह मागे राहिलंय. ते दिसायला वेगळा सिक्वेन्स, म्हणजे त्याच मशीनवर वेगळ्या पद्धतीचे फोटो, लागतो, म्हणून तुम्हाला आत जास्त वेळ पडून राहावं लागलं आणि बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, आमच्या प्रेसमधली मशीनसुद्धा एवढी ठोकत नव्हती.

या वयात थोडे डाग पुष्कळांना असतात, तुमचा दोष नाही. बरं, थोडासा आहे, "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी कोण सोडायचं?

पाय घासत चालणं, वळताना भिंतीला हात लावणं, मध्ये कोणी बोललं की हातातलं काम तिथेच राहणं, आई म्हणायची वय झालं, त्यात या डागांचाही हात असतो. दत्त मंदिर सिग्नलला हिरवा लागला तरी तुम्ही थांबून होतात, मागून हॉर्न सुरू झाले, मग घाईत गाडी सोडली आणि पाय टेकलाच नाही. मागे मीच बसले होते बाबा. खरचटण्यावर निभावलं.

खरं सांगू, चावी घेताना हात थरथरत होता. चेतकवर पुढे उभं करून तुम्ही मला गंगेवर न्यायचात, तुमच्या घड्याळाची टिकटिक माझ्या कानाशी. माझी गाडी चालवायची भीती तुम्हीच घालवलीत आणि तुमची चावी मी चोरून आणली.

अडणार काहीच नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांशी बोललेय, सकाळी ट्रॅकवर, पेन्शनला बँकेत, गुरुवारी दत्ताला, फोन केला की येतील. पैसे मी देणार, तुम्ही त्यांच्याशी घासाघीस करायची नाही.

आता ऐका. बीपी रोज सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, वहीत लिहायचं. हे डाग वाढू द्यायचे नसतील तर मुख्य उपाय तोच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वरचा आकडा 120 च्या खाली ठेवलेल्यांचे डाग कमी वाढले, पण तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील, मनाने गोळी वाढवायची नाही, तुम्हाला उठताना गरगरतं. अ‍ॅस्पिरिन कोणी सांगितली म्हणून सुरू करायची नाही, त्या काळ्या ठिपक्यांमुळे आधी विचारायचं. आई, पापड-लोणचं पानात वाढूच नकोस, मागितलं तरी. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचाय, माणूस बुधवारी येईल, "कशाला" म्हणून परत पाठवू नका. आणि चालणं सोडायचं नाही, मिसळ महिन्यातून एकदा चालेल, दुसरा रस्सा नाही.

शनिवारी येतेय. चावी आणणार नाही. बाबा, रागावला असाल तर बोलू नका माझ्याशी, पण वही टीव्हीजवळ काढून ठेवा.

तुमची,
छोटी