संथा ऐकून घेणारा कान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘घरबसल्या वेदमंत्र शिका’ अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येतात. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने अशाच ध्वनिफिती ऐकून पुरुषसूक्त पाठ केले आणि मला म्हणून दाखवले. पोरीचा आवाज गोड, पाठांतर चोख. तरी ऐकताना मला चुकल्यासारखे वाटत राहिले. त्यासाठी हे पत्र.

माझे माहेर वाईचे. वडील ऋग्वेदी, दशग्रंथी, म्हणजे वेद आणि त्याची अंगे मिळून दहा ग्रंथ मुखोद्गत असलेले. पहाटे ओसरीवर मुले संथा घ्यायला बसत. वडील एक चरण एकदा म्हणत, मुले तो दोनदा म्हणत. मग अर्धी ऋचा, मग पूर्ण. मुलाला वाटे पाठ झाले, पण वडिलांचे काम तिथून पुढे सुरू होई. डोळे मिटून ते ऐकत. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला, अनुदात्त म्हणजे खालचा स्वर जरा वर चढला की बोटाने पाटावर टकटक करत. शब्द नाही, राग नाही. मुलगा थांबे, मागे जाऊन पुन्हा म्हणे. कधी एकाच जागी अख्खी सकाळ जाई.

हे सगळे मी माजघरातून ऐकले. टकटक व्हायच्या आधीच चूक मला कळे. पण मला संथा कोणी दिली नाही. मुलींना देत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. वडिलांवर माझी अपार माया होती, तरी ही गोष्ट पंचाहत्तरीतही सलते.

संहिता म्हणजे सलग पाठ झाला की पदे सुटी करून म्हणायचा पदपाठ, मग पदांची गुंफण वाढवत नेणारे क्रम, जटा आणि शेवटी घन. घनात पहिले पद-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असे म्हणत एकेक पद पुढे सरकायचे. दहा हजारांवर ऋचांचा ग्रंथ असा उलटसुलट विणलेला असला की त्यातले एक पद गळणार कुठून? पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची युनेस्कोने 2007 साली ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या जागतिक नोंदवहीत नोंद केली. त्यांतले सर्वांत जुने 1464 सालचे आहे. ऋग्वेद त्याच्या निदान अडीच हजार वर्षे आधीचा. एवढा काळ तो मुखातून कानात, कानातून मुखात आला. पोथीत बघून म्हणणाऱ्याला, लिखितपाठकाला, उच्चार शिकवणाऱ्या शिक्षाग्रंथांनी अधम पाठकांत बसवले ते उगाच नाही.

लग्न होऊन मी नाशिकला आले. सासर शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचे; शाखा म्हणजे वेदाची एक पाठपरंपरा. पूजेला बसलेले मामंजी पुरुषसूक्ताच्या सुरुवातीलाच ‘सहस्रशीर्खा’ म्हणाले आणि मी दचकले. माहेरी ‘सहस्रशीर्षा’. माहेरी ‘विश्वतो वृत्वा’, इथे ‘सर्वत स्पृत्वा’. शिवाय हाताने स्वर दाखवायचे, ते माहेरी कधी पाहिले नव्हते. पहिल्या माहेरपणाला वडिलांना मी हे चुकीचे म्हणून सांगितले. ते म्हणाले, “त्यांच्या गुरूंनी त्यांना जसे दिले तसेच ते म्हणतात. तू सुधारायला जाऊ नकोस.” माझ्या वडिलांकडून मला मिळालेली संथा एवढीच.

नातीच्या पाठात नेमके हेच बिघडले होते. पहिल्या ऋचा ऋग्वेदाच्या, मध्येच एकीत यजुर्वेदाचा पाठ, स्वर तिसरेच. तिने दोन-तीन ठिकाणांहून ऐकले होते आणि कुठेही शाखेचा उल्लेख नव्हता. “आजी, बरोबर कुठले?” तिने विचारले. दोन्ही बरोबर, पण तू म्हणतेस तसे कोणत्याच परंपरेत म्हणत नाहीत, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली.

ध्वनिमुद्रणाला माझा विरोध नाही. जाणत्या घनपाठींचे पठण जपून ठेवलेच पाहिजे. पण मोबाईल हजार वेळा म्हणून दाखवेल. माझी नात काय म्हणते ते तो ऐकत नाही. तैत्तिरीय उपनिषदात आचार्याला पूर्वरूप म्हणजे आधीचे अक्षर, शिष्याला उत्तररूप म्हणजे नंतरचे अक्षर आणि विद्येला संधी म्हटले आहे. दोन अक्षरांचा संधी व्हायला दोन्ही अक्षरे समोरासमोर लागतात.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. मंत्र शिकवणाऱ्यांनी प्रत्येक ध्वनिफितीवर वेद, शाखा आणि पठण करणाऱ्याची गुरुपरंपरा लिहावी. आणि वेदपाठशाळांनी व देवस्थानांनी आठवड्यातून तासभर तरी कोणालाही येऊन आपला पाठ म्हणून दाखवता येईल अशी सोय करावी. त्यासाठी वयोवृद्ध वैदिकांना सन्मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे. त्यात मुलींना मज्जाव नसावा. शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात मुली वेदपठण करत आल्या आहेत, पुण्यात कित्येक दशके स्त्रिया पौरोहित्य शिकतात. तेव्हा हे नवे मागणे नाही.

आमच्या भागातल्या एका गुरुजींनी नातीला शिकवायचे कबूल केले आहे. दर रविवारी मी तिला घेऊन जाते. पाठ असलेले सगळे बाजूला ठेवून त्यांनी पहिल्या ऋचेपासून, घरच्या शाखेप्रमाणे, संथा सुरू केली. तीन आठवडे झाले, ती अजून पहिल्याच ऋचेवर आहे. गेल्या रविवारी ‘दशाङ्गुलम्’पाशी त्यांनी तिला सात वेळा मागे नेले. मी शेजारी बसून ऐकत होते, या वेळी ओसरीवर.

आपली,
एक वाचक, नाशिक