अर्ध्या ‘र’साठी एक शासन निर्णय काढा

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आईच्या पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात गेलो होतो. आमचं आडनाव कुऱ्हाडे. खिडकीतल्या ताईंनी ते टाइप केलं, उत्तर आलं : ‘नोंद आढळली नाही’. टेबलावरच्या छापील यादीत मात्र आईचं नाव स्पष्ट दिसत होतं. “नावात फरक असेल, प्रतिज्ञापत्र करून आणा,” असं सांगितलं गेलं. पंचाहत्तरीच्या बाईला, तिच्याच नावासाठी!

मी डेटाबेसचंच काम करतो, म्हणून घोळ लक्षात आला. ‘कुऱ्हाडे’मधला हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ‘ऱ’ला हलन्त, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडे हुबेहूब. पण यूटीएफ-८मध्ये, म्हणजे हे क्रमांक साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, पहिलं आठ चिन्हांचं, २४ बाइटचं; दुसरं नऊ चिन्हांचं, २७ बाइटचं. साध्या तुलनेत ही दोन वेगळी माणसं ठरतात. एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणीकरणसुद्धा त्यांना एक करत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, चऱ्होली, सगळ्यांची हीच गत. ‘ॲ’चंही तेच : हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र देऊन किंवा ‘ऍ’ असं लिहिलेलं सापडतं.

माझी मागणी छोटी आहे. विभागाने शासन निर्णय काढून प्रत्येक अक्षराचं एकच रूप ठरवावं आणि नोंद जतन होण्याआधीच सगळ्या प्रणालींनी मजकूर त्या रूपात आणावा. शोधताना टाइप केलेल्या नावालाही तोच नियम हवा. मात्र न दिसणारी चिन्हं सरसकट पुसू नयेत. तसं केलं तर अर्ध्या ‘र’चा रफार होतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’! आधी ‘ऱ’ करून घ्यावा, मगच जोडचिन्ह काढावं. डेटाबेसमधल्या जुन्या तक्त्यांवरही हे एकदा चालवावं लागेल. त्याआधी बॅकअप हवाच.

तोवर निदान खिडक्यांवर एवढी सूचना पाठवा : नाव सापडलं नाही, तर दोन्ही रूपांनी शोधून पाहा. प्रतिज्ञापत्र त्यानंतर मागा.

आपला,
पुण्यातील एक डेटाबेस प्रशासक