बेळगावात पाणी १०० ला उकळत नाही

मा. संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी बिअर बनवायच्या छंदावर लेख आलाय तो वाचला. लेख चांगलाय, पण त्यात असं लिहिलंय की थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून बघा, १०० दाखवला नाही तर जेवढा फरक तेवढा मिळवून घ्या. हे वाचून मी चहाचा कप खालीच ठेवला, कारण नेमकं हेच करून आमच्या भाच्यानं तीन खेपा बिघडवल्यात आणि त्यात माझाही हात आहे.

आधीच सांगतो, मी पीत नाही. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात जन्म गेला, ज्यूस हीटर, पॅन, बॉयलर, सगळीकडची टेंपरेचर बघत. भाचा मँचेस्टरला नोकरीला आहे, तिकडं १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन लागत नाही म्हणून हा सुट्टीच्या दिवशी भांडी मांडून बसतो. आपल्याकडं तसं नाही हं, कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, परवान्याशिवाय घरात काढायला गेलात तर केस होईल, हे तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं.

तर दिवाळीला तो आला तेव्हा इथनंच एक पीटी १०० सेन्सर घेतला, म्हणजे रेझिस्टन्सवरनं टेंपरेचर सांगणारी प्लॅटिनमची दांडी, आणि तो आकडा दाखवणारा कंट्रोलर बॅगेतून आणलाच होता, आणि अक्काच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून त्यात सेन्सर सोडला. मी बाहेर फराळाला बसलेलो. "मामा, हे ९७.४ दाखवतंय, कमी दाखवतंय की." मी चकली खात खात म्हटलं, घाल की मग २.६ चा ऑफसेट, म्हणजे दिसेल त्यात कंट्रोलरच तेवढे मिळवून दाखवेल. उठून बघितलंसुद्धा नाही. एवढी वर्षं ज्याचा पगार घेतला ते काम मी बसल्या जागेवरनं असं केलं.

बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट उंचावर आहे. हवेचा दाब कमी म्हणून इथं पाणी साधारण ९७.५ लाच उकळतं. वेंगुर्ल्याला १०० धरा, वर चढत आलात की दर ३०० मीटरला अंदाजे एक अंश कमी. म्हणजे सेन्सर बरोबर होता, आम्ही त्याला खोटं बोलायला शिकवलं.

पुढं जानेवारीत फोन आला, बिअर पातळ होतीय म्हणून. यातली गोम अशी की बार्लीचं मॉल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवतात, त्याला मॅश म्हणतात, तिथं स्टार्चची साखर होते आणि ती करणारी एन्झाइम मुख्य दोन. बीटा अमायलेज ६० ते ६५ ला खुशीत असतं, त्याच्यातनं यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते. अल्फा अमायलेज ७० च्या आसपास जोरात चालतं, त्याच्यातनं यीस्टला न पचणारी साखर बरीच मागं राहते आणि बिअरला अंग येतं. ह्याला पाहिजे होतं ६६, डिस्प्लेवर ६६ च दिसायचं, पण भांड्यात खरं होतं ६३.४. यीस्टनं सगळं चाटूनपुसून खाल्लं, साखर किती उरली ते सांगणारा हायड्रोमीटर १.०१२ ला थांबायचा तो १.००५ पर्यंत खाली गेला. दोन-अडीच अंशानं एवढा फरक पडतो, आणि बोट बुडवून तो कुणालाच कळायचा नाही. आपल्याकडं गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघतो आणि त्याचं चुकत नाही, पण तिथं ११८ च्या आसपास रसाचं रूपच बदलतं, डोळ्याला दिसतं. मॅशमध्ये ६३ ला आणि ६६ ला दिसायला सगळं सारखंच.

फोनवर तो सहज म्हणाला, मामा, मॅशमधनं गाळलेला रस उकळताना १०२.८ दाखवतंय, पण त्यात साखर आहे म्हणून असेल. अरे लेका, साखरेनं उकळबिंदू वाढतो हे मला सांगतोस होय, पण एवढ्या पातळ रसाला अर्धा अंशसुद्धा वाढत नाही! मग माझी अक्कल धावली ती वायरीकडं. पीटी १०० चा रेझिस्टन्स ० अंशाला १०० ओहम आणि पुढं दर अंशाला ०.३८५ नं वाढतो, म्हणजे दोन वायरच्या सेन्सरला लांब वायर जोडली आणि तिचा एक ओहम वाढला तर डिस्प्ले फुकटात २.६ अंश जास्त दाखवतो. आकडा बरोब्बर जुळत होता, मी छाती फुगवून वायर बदल म्हणून सांगितलं. त्यानं फोटो पाठवला, दोन लाल एक पांढरी, तीन वायरचाच सेन्सर, त्यात वायरचा रेझिस्टन्स वजा होतोच.

मग म्हटलं बर्फात घाल. घातला तर २.६. दोघंही गप्प, आणि मग मला ती चकली आठवली.

म्हणून लेखकांना सांगणं आहे की तपासायचं तर आधी बर्फात तपासा. हवेचा दाब कमीजास्त झाला तरी बर्फाच्या ० ला काही होत नाही, उकळत्या पाण्याचा आकडा गाव बदललं की बदलतो आणि त्याच गावात पावसाळी हवेनंसुद्धा थोडा हलतो. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच चांगलं पाणी घालायचं, ढवळायचं, सेन्सर मधोमध धरून पाच-दहा मिनिटं थांबायचं. तांब्याभर पाण्यात चार खडे तरंगत ठेवले तर खालचं पाणी ४ अंशाला राहू शकतं, ते चालत नाही. मासळी बाजारातला बर्फ नको, त्यात मीठ गेलेलं असलं तर तो ० च्या खाली जातो. दुसरी सोपी तपासणी म्हणजे थर्मासमध्ये ३९-४० अंशाचं पाणी घेऊन सेन्सरशेजारी तापाचा थर्मामीटर धरायचा, त्या पट्ट्यात तो फार नेमका असतो. ४२ च्या वर मात्र नेऊ नका, काचेचा असला तर फुटेल.

आणि सेन्सर चांगला असून भागत नाही, तो कुठं बसवलाय ते बघा. मॅश म्हणजे घट्ट आंबिलीसारखा प्रकार, कडेला एक टेंपरेचर, मधे दुसरं, खाली हीटरजवळ तिसरंच. भाच्याचा सेन्सर तळाला हीटरच्या शेजारी होता, पंप बंद झाला की आकडा उड्या मारायचा. आता रस पंपानं फिरवून, तापून बाहेर येतो त्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून सेन्सर प्रवाहाच्या तोंडावर बसवलाय. सेन्सर थर्मोवेलमध्ये, म्हणजे रसात बुडणाऱ्या बंद तोंडाच्या नळीत, घालत असाल तर आत हीट पेस्ट भरा, कोरड्या थर्मोवेलमध्ये हवा राहते आणि आकडा मागं पडतो. जाडीच्या दहापट तरी लांबी रसात बुडलेली पाहिजे, नाहीतर बाहेरची थंडी दांडीतनं आत येते. आणि डिस्प्लेवर ६६.०६ असे दोन दशांश दिसतात म्हणून हुरळून जायचं नाही. ती डीएस१८बी२० नावाची डिजिटल सेन्सरची चिप मिळते ना, ती ०.०६ चा फरक दाखवते खरी, पण तिची गॅरंटी अर्ध्या अंशाचीच.

जाता जाता, ज्याच्या नावानं आपण ज्यूल म्हणतो तो जेम्स ज्यूल १८१८ साली मँचेस्टरला लागूनच सॅलफर्डमध्ये जन्मला, बिअर बनवणाऱ्याच्याच घरात, आणि अंशाचे बारीक बारीक तुकडे मोजण्यात त्याचा हातखंडा होता. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, त्याच्या मामानं चकली खाल्ली नसणार.

तर लेखातली ती ओळ दुरुस्त करून छापावी ही विनंती, बेळगावकरांनी ९७.५ धरावं असं स्पष्ट लिहून.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक,
शहापूर, बेळगाव

ता. क. ऑफसेट काढून चौथी खेप केली, हायड्रोमीटर १.०१२ ला थांबला. ग्लासचा फोटो आला तो बघून अक्का म्हणाली, काय करुलास रे तिकडं, हा काढा कुणाला दिलास?