ऋणनिर्देशात न बसलेलं

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

प्रबंध परवा जमा केला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचं नाव नाही, कारण तुम्हीच हात जोडून ‘ते तेवढं नको गं’ म्हणाला होतात. म्हणून हे पत्र, नाव न घेता, पण चारचौघांत. आता तुमची हरकत चालायची नाही.

पहिल्यांदा ग्रंथालयात तुमच्या टेबलाशी आले तेव्हा माझा विषय होता, ‘विज्ञानकथा आणि सामाजिक-नैतिक प्रश्न’. तुम्ही चष्म्यावरून पाहत म्हणालात, “हा विषय नाही, हे कपाट झालं. यातलं नेमकं काय हवंय?” मला राग आला होता. खरं म्हणजे उत्तर नव्हतं म्हणून आला होता.

पहिलं प्रकरण मी झोकात लिहिलं. कथेत आधी अमुक आलं, मग ते खरं झालं, अशा जोड्याच जोड्या. तुम्ही कागद परत दिलेत तेव्हा त्यावर पेन्सिलीची एकच खूण होती. ‘गटाका’ या १९९७ सालच्या चित्रपटात जनुकांवरून माणसाला चांगल्या नोकरीची दारं बंद होतात. त्यातूनच अमेरिकेत २००८ साली जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा झाला, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं होतं. त्या ‘त्यातूनच’खाली रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह. शोधायला बसले, तर अशा प्रकारचं विधेयक १९९५ सालीच मांडलेलं निघालं. चित्रपटाच्या दोन वर्षं आधी!

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, आता कायद्यावरचे लेख बाजूला ठेव आणि कायदाच वाच. ती दुपार मी विसरणार नाही. किचकट कलमं, संपता न संपणारी वाक्यं, आणि तुम्ही ओळीखाली पट्टी धरून शेजारी. नोकरी आली, आरोग्यविमा आला. पट्टी खाली सरकत गेली आणि शेवटी तुम्ही विचारलंत, “आणि आयुर्विमा?” तो नव्हताच. म्हणजे तुमच्या जनुकांकडे बोट दाखवून मालकाला नोकरी नाकारता येत नाही, पण आयुर्विमा कंपनीनं तसं केलं तर हा कायदा आड येत नाही. माझं सगळ्यात बरं प्रकरण त्या नसलेल्या एका शब्दावर उभं आहे.

भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डची गोष्टही तुमच्यामुळेच नीट कळली. एच. जी. वेल्स यांनी १९१४ सालच्या कादंबरीत अणुबाँब आणला, झिलार्डनं ती १९३२ साली वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूतली ऊर्जा मोकळी करणाऱ्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. मी लगेच ‘कादंबरीतून बाँब’ असं लिहून मोकळी. तुम्ही झिलार्डच्या आठवणी काढून दिल्यात. त्यात तो सांगतो की वेल्स वाचला असल्यामुळेच या शोधाचा अर्थ काय होतो ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणून त्या कल्पनेचं पेटंट उघड होऊ नये असं त्याला वाटत होतं. ते गुप्त राहावं म्हणून त्यानं ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केलं. भौतिकशास्त्र त्याचं स्वतःचं. धसका तेवढा कादंबरीचा. तेव्हापासून मी भाकितं मोजायची सोडली आणि कोणत्या कथेनं कोणाला कशाची धास्ती घातली, ते शोधू लागले.

वाचनालय बंद व्हायच्या वेळी खुर्च्या आत सरकवताना तुम्ही सहज म्हणालात, “रोबो म्हणजे वेठ, माहितेय ना?” माहीत नव्हतं. कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून तो शब्द जगभर गेला. त्याला तो सुचवला भावानं, योसेफनं, आणि मूळ चेक शब्द ‘रोबोटा’, म्हणजे सक्तीची मजुरी. त्या नाटकातले रोबो लोखंडाचेही नाहीत, हाडामांसासारख्या पदार्थाचे आहेत. मी इतके दिवस यंत्रांना भावना असतात का, यावर पानं खरडत होते. तुम्ही विचारलंत, “आज ही वेठ कोण करतंय?”

उत्तर शोधायला महिना गेला. आपल्याशी गोड बोलणाऱ्या चॅटबॉटनं घाण ओकू नये, म्हणून केनियातली माणसं तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीत हिंसेचे आणि लैंगिक अत्याचाराचे मजकूर वाचून त्यांवर खुणा करत होती, हे २०२३ साली एका अमेरिकी नियतकालिकानं छापलं. ते वाचलं आणि यंत्रांच्या भावनांची चौदा पानं मी स्वतःच काढून टाकली. तुम्ही विचारलंतही नाही, कुठं गेली म्हणून.

तोंडी परीक्षेत नेमका तिथेच प्रश्न आला. उत्तर देताना माझं बोट टेबलावर तुमच्या पट्टीसारखं सरकत होतं, असं मैत्रीण सांगते.

चापेकचं ते नाटक अजून माझ्याकडेच आहे. मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा तुम्ही वाढवणार नाही हे माहीत आहे. सोमवारी आणून देते.

तुमची,
कपाट मागायला आलेली विद्यार्थिनी