गुहेच्या अलीकडून परतलो

खानापूर,
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप आई व बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

डोंगरावर अस्वलामुळे माझ्या हाताला खरचटले, असे परवा रात्री दादाने तुम्हाला जे सांगितले ते अर्धवट होते आणि फोनवर आईचा आवाज भरून आल्यामुळे मलाही पुढे काही बोलता आले नाही. म्हणून झाले ते सगळे, माझी चूक धरून, आज लिहून कळवते आहे.

रविवारी आम्ही चौघीजणी जांबोटीच्या बाजूचा एक डोंगर चढायला गेलो होतो. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि आम्ही त्या हद्दीत गेलोही नाही. पण अभयारण्य २०११ साली जाहीर झाले आणि अस्वले त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात आहेत, त्यामुळे हद्दीबाहेरचा डोंगर म्हणजे बिनधोक डोंगर, असे या तालुक्यात कोणी मानत नाही. आमच्याबरोबर वाट दाखवायला तिथल्या गवळीवाड्यावरचे एक काका होते. त्यांच्या हातात घुंगुरकाठी होती आणि त्यांनी निघतानाच बजावले होते की ऊन वर आल्याशिवाय चढायचे नाही, चारच्या आत खाली उतरायचे, कोणी मागेपुढे राहायचे नाही आणि सारखे बोलत राहायचे. अस्वलाचे नाक फार तिखट असते, पण नजर आणि कान बेताचेच. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असला, तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग दचकून ते अंगावर येते. माणूस खाण्यासाठी ते येत नाही, भिऊन येते. मात्र त्याचा पंजा तोंडावर आणि डोक्यावर बसतो, म्हणून त्याची भीती खोटी नाही.

पहिली चढण संपल्यावर जांभ्या दगडाचा मोठा उघडा सडा लागला. त्याच्या कडेला एक वारूळ ताजे उकरलेले होते. काकांनी आम्हाला खाली बसवून ते दाखवले. आतली माती अजून ओलसर होती, भोकाच्या भोवती फुंकर मारल्यासारखी धूळ पसरली होती आणि तुटलेल्या बोगद्यांतून वाळवी सैरावैरा पळत होती. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी माती फुंकून उडवते आणि मग वाळवी ओढून घेते. शेजारच्या धुळीत मागच्या पायाचा ठसा होता. आई, तो थेट माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. फक्त बोटांच्या पुढे नखांच्या खुणा वेगळ्या उमटलेल्या असतात. मी त्याच्या शेजारी माझा तळवा ठेवून पाहिला आणि मला भीतीपेक्षा माया अधिक वाटली, हे तुमच्यापासून लपवत नाही.

चूक झाली ती त्यानंतर. कृष्णापूर आणि तळेवाडीच्या दरम्यान असलेल्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळांविषयी मी तुम्हाला मागे सांगितले होते. १९१३ साली त्या जातीची शास्त्रीय ओळख तिथल्याच नमुन्यांवरून झाली. ते वाचल्यापासून कोणतीही गुहा म्हटली की मला राहवत नाही. वरच्या कड्याखाली एक गुहा आहे, असे काकांच्या तोंडून ऐकले आणि मी खडकांवरून भराभर पुढे गेले. वळणापलीकडे मी एकटी होते, गप्प होते आणि गुहेचे काळे तोंड माझ्यापासून जेमतेम तीस पावलांवर होते. आतून कुबट, उग्र वास आला. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला आणि काकांनी माझे मनगट धरून मला मागे ओढले. ते ओरडले नाहीत. वळणाअलीकडे आल्यावर हळू आवाजात एवढेच म्हणाले, "पोरी, ह्या दिवसांत आत बाळंतीण असते."

थंडीत अस्वलाची मादी अशाच कपारीत पिल्लांना जन्म देते आणि पिल्ले पाठीवर बसून बाहेर पडण्याजोगी होईपर्यंत दोन-तीन महिने त्यांना तिथेच सांभाळते. रविवारी ती आत होती की नाही, हे आम्ही पाहिले नाही. पाहायला जाणेच चूक ठरले असते. आम्ही आल्या वाटेने, मोठ्याने बोलत, खाली उतरलो. माझ्या हाताला जे खरचटले आहे ते उतरताना दगडावर घसरल्यामुळे, दादा म्हणाला तसे अस्वलामुळे नव्हे.

डोंगर सोडून दे, असे बाबा म्हणाले. बाबा, ते माझ्याच्याने होणार नाही आणि तुम्हाला खोटा शब्द देण्याची माझी इच्छा नाही. पण माहितगार माणसाशिवाय मी जाणार नाही, घोळक्याच्या पुढे एकटी निघणार नाही आणि गुहेच्या तोंडाशी तर कोणत्याही ऋतूत जाणार नाही, हा शब्द मी आईच्या पायांवर हात ठेवून देते.

शनिवारी दुपारपर्यंत मी निपाणीला पोहोचेन. माळ्यावर आजोबांची घुंगुरकाठी आहे, ती तेवढी खाली काढून ठेवावी. तिचे दोन-तीन घुंगरू गळले आहेत, ते येताना मी बाजारातून घेऊन येते. बाबांनी ते तारेने घट्ट बांधून द्यावेत.

तुमची लाडकी लेक