बाबांच्या शंकेचं उत्तर, आणि बाकी खुशाली

न्यूयॉर्क

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण, झोप, थंडीचा कोट हे रविवारी फोनवर होतंच, म्हणून इथे लिहीत नाही. डबा मी नेते. रोज नाही, पण नेते.

बाबा, तुम्हाला कुणीतरी सांगितलं की इथल्या मोठ्या लॉ फर्म सात-आठ वर्षं राबवून घेतात आणि मग बाहेरचा रस्ता दाखवतात. तेव्हापासून तुम्ही प्रत्येक फोनवर "ऑफिसात सगळं ठीक ना?" एवढंच विचारता. सांगणारा अगदीच खोटं बोलला नाही. पण ही पद्धत कुणी पाडली आणि का, हे त्याला माहीत नसावं. अप्पाकाका स्वतः वकील, ते आले की पुढचं त्यांना वाचून दाखवा.

पद्धत आमच्या फर्मची नव्हे, क्रॅव्हॅथ, स्वेन अँड मूर या दुसऱ्या फर्मची. तिची मुळं १८१९ पर्यंत जातात, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षापर्यंत. तिथला एक जुना भागीदार विल्यम स्युअर्ड, लिंकनचा परराष्ट्रमंत्री. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का घेतला तो यानेच. दुसरा, सॅम्युएल ब्लॅचफर्ड, सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती झाला. पण आज नाव घेतात ते पॉल क्रॅव्हॅथचं. ओहायोतल्या एका पाद्र्याचा हा मुलगा. वकिली सुरू करून फार दिवस झाले नव्हते तेव्हाच विजेच्या धंद्यातल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने एडिसनशी चाललेले विजेच्या दिव्याचे दावे त्याच्यावर सोपवले. १८९२ मध्ये पेटंटचा निकाल एडिसनच्या बाजूने लागला, आणि दोन वर्षांनी पेटंटची मुदतच संपली. हरलेल्या दाव्यातूनही वकिलाचं नाव होतं, हे काकांना नव्याने सांगायला नको.

१८९९ मध्ये तो या फर्ममध्ये आला. त्या काळी तरुण पोरं वकिलांच्या ऑफिसात बहुधा बिनपगारी बसायची आणि बघून बघून शिकायची. काका ज्युनिअर होते तेव्हा दिवाळीला सीनिअर जे पाकीट देतील ते, तसाच प्रकार. क्रॅव्हॅथने ते मोडलं. हार्वर्ड, कोलंबिया, येलमधली वरच्या नंबरातली मुलं थेट घ्यायची, पहिल्या दिवसापासून पगार द्यायचा, एका भागीदाराच्या हाताखाली काही काळ, मग दुसऱ्याच्या, असं फिरवत तयार करायचं. भागीदार करायचा तो यांच्यातूनच, बाहेरून आणायचा नाही. नफ्याचा वाटा ज्येष्ठतेनुसार, म्हणजे पक्षकार कुणी आणला यावरून आपसात भांडणं नकोत. आणि भागीदारीच्या जागा मोजक्या, म्हणून ज्याला ती मिळत नाही त्याने ठरावीक वर्षांनी निघायचं. हळूहळू अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या फर्मनी हेच उचललं. (खुद्द क्रॅव्हॅथ आता बाहेरूनही माणसं घेते, आणि २०२१ मध्ये वाट्याचा नियमही सैल केला. ते असो.)

तर बाबा, "निघायचं" म्हणजे हाकलणं नव्हे. निघालेले बरेचजण कंपन्यांच्या कायदा विभागात जातात आणि मोठं काम आलं की जुन्या फर्मलाच फोन करतात. फर्मचं खरं बळ तिथे आहे असं मला वाटतं. आणि काम कसलं, तर सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला १९६९ मध्ये, मागे घेतला १९८२ मध्ये, आणि ही सगळी वर्षं आयबीएमच्या बाजूने क्रॅव्हॅथची फौज लढत होती. लांबलेले दावे फक्त कराडच्या कोर्टात असतात असं काकांनी समजू नये.

पगाराचंही तसंच. १९६८ मध्ये क्रॅव्हॅथने नव्या वकिलाचा पगार १५,००० डॉलर केला आणि बाकीच्यांना झक मारत तेवढाच द्यावा लागला. अजूनही सगळे "क्रॅव्हॅथ स्केल"च म्हणतात. २०२३ च्या शेवटी पहिल्या वर्षाचा आकडा २,२५,००० झाला, तेव्हा आधी वाढवला होता दुसऱ्याच फर्मने, पण नाव यांचंच राहिलं. बाबा, याला रुपयांनी गुणू नका. कर तीन ठिकाणी भरावा लागतो, देशाचा, राज्याचा आणि शहराचाही. भाड्याचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही.

आई, तुझ्यासाठी एक. या फर्ममध्ये पहिली बाई भागीदार झाली ती १९७१ मध्ये, ख्रिस्टीन बेशार. जन्माने जर्मन. आणि लॉ कॉलेजची पायरी कधी चढलीच नव्हती, ऑफिसात काम करत अभ्यास केला आणि बारची परीक्षा पास झाली. हार्वर्डचे नंबर बघणाऱ्या फर्ममध्ये! ही गोष्ट ऐकली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता इथली एक सवय सांगते, जी तुम्हाला वेडेपणाची वाटेल. पक्षकाराला बिल वेळेच्या हिशेबाने जातं, म्हणून आम्ही तासाचे दहा भाग करतो. एक भाग सहा मिनिटांचा. दिवसभरात जे काही केलं ते या भागांत लिहायचं: कोणता पक्षकार, कोणतं काम, नेमकं काय केलं. चार मिनिटांचा फोन झाला तर ०.१. कराराचं एक कलम पाहिलं, ०.३. नुसतं "कागद वाचले" लिहिलं तर पक्षकार बिल कापतो, म्हणून कोणते कागद, कशासाठी, हेही लिहायचं. आणि हे लिहायला लागणारा वेळ मात्र कुणाच्याच नावावर टाकता येत नाही. चहा, बाथरूम, लिफ्टची वाट, सगळं आपल्या खिशातून. म्हणून आठ तास बिलात दिसायला दहा-अकरा तास बसावं लागतं. आई, "एवढा उशीर का करतेस" याचं उत्तर हे आहे. कुणी बसवून ठेवत नाही, गणितच तसं आहे. घड्याळ न बघता सांगता येतं आता, सहा मिनिटं झाली की आत कुठेतरी कळतं. आपला रविवारचा फोन मी मोजत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता कामाचं. शिक्षणाच्या कर्जाचे शेवटचे हप्ते मार्चपर्यंत संपतील. मग बँकेत जाऊन घराचे तारण ठेवलेले कागद सोडवून आणा, आणि पत्रही लेखी घ्या, नुसत्या तोंडी "झालं मॅडम" वर विश्वास ठेवू नका.

ओंकारच्या लग्नाला मला बहुतेक येता येणार नाही. डिसेंबरात वर्ष संपायच्या आत सगळ्या कंपन्यांना आपले व्यवहार उरकायचे असतात हे एक कारण. दुसरं मोठं: मी आले तर परत येण्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून पासपोर्टावर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तारीख मिळेल याची खात्री नाही. अडकले तर नोकरीच धोक्यात. ओंकारशी मी बोलले आहे. तो "चालतंय की ताई" म्हणाला, म्हणजे त्याला चाललेलं नाही. हॉलचे आणि केटररचे उरलेले पैसे मी पाठवते आहे, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, कृपा करून तसा लावू नका. करवलीचा मान मामाच्या सईला द्या. पैठणी मात्र मीच निवडणार, फोटो पाठवा.

कोल्हापूरच्या स्थळाबद्दल आईने तीन वेळा विचारलं. मुलगा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण तो तिकडे आणि मी इकडे, आणि इथे अजून किती वर्षं हे मला आत्ता सांगता येत नाही. त्यांना ताटकळत ठेवू नका. "मुलीचं नक्की नाही" असं सरळ कळवा, माझ्या नावावर खपवा. बाबा, बीपीची गोळी सकाळची, रात्रीची नाही.

तुमची
मुक्ता

ता. क. आई, लग्नाच्या दिवशी व्हिडिओ कॉल मुहूर्ताच्या अर्धा तास आधीच लावून ठेवा. इथे तेव्हा मध्यरात्र असेल, मी जागीच असेन.